शिवेवरचं पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात जमिनीखाली काय आहे, हे मी तीन वर्षं रोज पडद्यावर पाहत होते. कुठे वाळू, कुठे चिकणमाती, किती खोलीवर पाणी, सगळं तोंडपाठ होतं. त्या जमिनीवर पाऊल मात्र यंदाच्या जानेवारीत पहिल्यांदा ठेवलं. कुणी बोलावलं म्हणून नाही. एक चूक सांगायला गेले होते.

मी पुण्यात गणित शिकवते. खरं तर संगणकाकडून गणित कसं करून घ्यायचं, ते शिकवते. जमिनीतलं पाणी कसं वाहतं याचं एक समीकरण असतं. आंशिक विकलक समीकरण असं त्याचं भारदस्त नाव, पण अर्थ साधा: एका जागची पाण्याची पातळी आजूबाजूच्या पातळ्यांवर आणि मधली माती पाणी किती सोडते यावर ठरते. दोनतीन तालुक्यांएवढ्या मुलखाचं हे गणित बारकाईनं एकाच संगणकावर सोडवायला बसलं तर फार वेळ जातो. म्हणून मुलखाचे तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा एकेका संगणकाला देतात. सगळे एकदम कामाला लागतात. अडचण येते ती शिवेवर. प्रत्येकानं शेजारी पाणी किती असेल याचा अंदाज धरून आपला तुकडा सोडवलेला असतो. मग शेजारी एकमेकांना आपल्या शिवेवरचे आकडे कळवतात, पुन्हा सोडवतात, पुन्हा कळवतात. दोन्ही बाजूंचे आकडे जुळेपर्यंत या फेऱ्या चालतात. माझी सगळी नोकरी या फेऱ्या कमी करण्यात गेली. त्यात मला नावही मिळालं.

काही वर्षांपूर्वी सरकारच्या पाणी-योजनेच्या कचेरीकडून जळगाव जामोदकडच्या भागाचं काम आमच्याकडे आलं. तिथे सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड लागतं, आणि दक्षिणेला पूर्णा नदीकडे सरकावं तसं खारं होत जातं. या खाऱ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. मधल्या गावांपर्यंत गोडं पाणी कुठवर पोचतं, ते आम्हाला शोधायचं होतं. प्रत्यक्ष काम माझी विद्यार्थिनी सुजाता वानखडे करत होती. चिखली तालुक्यातल्या अमडापूरची. अबोल आणि चिवट.

एका दुपारी ती कागद घेऊन माझ्या खोलीत आली. आणखी चारपाच जण बसलेले होते.

"मॅडम, अकरा आणि बारा नंबरच्या तुकड्यांची शीव अजून जुळली नाही. एकीकडून पाणी दक्षिणेला जाते, दुसरीकडून जात नाही. तिथं वाळूचा पट्टा एकदम संपतो. मले वाटते, अजून लय फेऱ्या द्याव्या लागतील."

"मले नाही, मला," मी म्हटलं. खोलीतले सगळे हसले. मीही हसले. मग मी तिला समजावलं की सगळ्या मुलखाची मिळून सरासरी चूक ठरलेल्या मर्यादेच्या आत आली आहे. उरलेल्या शिवेवर दोन्ही बाजूंचा मध्य घे आणि नकाशा काढ. मुदत चार दिवसांवर होती.

नकाशा देखणा निघाला. कुठे सांधा दिसत नव्हता. त्या शिवेवर एक गाव होतं, आणि मध्य घेतल्यामुळे ते गोड्या पाण्याच्या निळ्या रंगात आलं. सुजातानं त्याच वर्षी संशोधन अर्धवट सोडलं. का, हे मी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका विद्यार्थ्याला नव्या यंत्रावर सरावासाठी तेच जुनं काम दिलं होतं. "शिवा जुळेपर्यंत फेऱ्या थांबवू नकोस," असं मी त्याला सहज सांगून गेले. त्यानं दुसऱ्या दिवशी नकाशा दाखवला. त्या गावावरचा निळा रंग गेला होता. नकाशावरून कुठे कुठे विहिरी ठरल्या, त्याच्या जुन्या याद्या मी काढल्या. गावात आमच्या नकाशावरून विहीर खोदली होती. ग्रामपंचायतीचा नंबर शोधून फोन केला आणि पाणी कसं आहे विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "खारं हाये जी. काऊन?"

त्यानंतर दोन दिवसांनी मी सुजाताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "या. मी येतो संग."

अमडापूर

पुण्याहून चिखलीपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चिखलीहून अमडापूरची बस मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर. तुरीची कापणी सुरू झाली होती आणि वाऱ्याला त्या वाळलेल्या शेंगांचा वास होता. सुजाता आता बुलढाण्याच्या एका कॉलेजात शिकवते, पण तुरीसाठी दोन दिवस माहेरी आली होती. बसथांब्यावर मला घ्यायला उभी होती. केसांत थोडी पांढरी रेघ. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

घरी तिच्या आईनं मला काही विचारलंच नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी "चहा घेणार का?" असं विचारतात, आणि पाहुणा आधी नको म्हणतो. इथे हातपाय धुऊन आत आले तर ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची घट्ट आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याचा अंदाज न आल्यामुळे मी मोठा घास घेतला आणि मला उचकी लागली. आईंनी गुळाचा खडा पुढे केला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "तुमचा लय धाक होता जी हिले. तुमचा फोन आला का उभी राहून बोले. पण अर्धं काऊन सोडलं हिनं? आमाले तं म्हणे, घरची आठवण येते."

सुजाता भाकरी मोडत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला उत्तर माहीत होतं. निदान अर्धं तरी. मी म्हटलं, "हुशार होती हो फार," आणि आमटी घेतली. जवळजवळ चारशे किलोमीटरवरून चूक सांगायला आलेली बाई पहिल्याच घरात तोंड मिटून जेवली, हे मला आजही टोचतं.

बुलढाणा

बुलढाणा उंचावर आहे. दुपारी चिखलीकडून येताना चढ फारसा जाणवत नाही, पण उतरल्यावर हवा वेगळी लागते. संध्याकाळी सुजातानं मला बसस्थानकाजवळच्या टपरीवर नेलं. कचेऱ्या सुटल्या होत्या. कोर्टाच्या तारखेला आलेले लोक पिशव्या सांभाळत गाड्यांची वाट पाहत होते. आम्ही गरम आलुबोंडे घेतले आणि बाकावर बसलो.

मी मनात जुळवून आणलेली माफी काढली. तिनं ती पूर्ण होऊ दिली नाही.

"मॅडम, मले विहिरीचं माहीत होतं."

मला कळेना. ती म्हणाली, विहीर पूर्ण झाली तेव्हा पेपरात फोटो आला होता. ती तेव्हा नुकती बुलढाण्याला लागली होती. गावाचं नाव वाचताच तिला ती शीव आठवली.

"मग तू फोन का नाही केलास? गावाला तरी?"

"काय सांगू? खारं निघालं असन तं तुमचं चुकलं. गोड निघालं असन तं माह्यं. मले दोन्हीचं भेव वाटे." तिनं हातातला कागद घडी घालून छोटा केला. "मंग मी माह्या मनाले सांगतलं का मॅडमचंच बरोबर असन. एवढ्या मोठ्या बाई. मीच कुठी तरी गणितात चुकली असन. इतकी वर्स मी तेच मानलं, मॅडम. म्हणून तं पुन्हा गणिताच्या नादी लागली नाई. पोरांले शिकवतो, बस."

तिचं गणित बरोबर होतं. मी तिला ते त्या बाकावर सांगितलं, शिवेवरच्या आकड्यांसकट. तिनं नीट ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले. दोन्ही अचूक. मग म्हणाली, "तुकडे जास्त पाडले होते आपण. एका फेरीत खबर फक्त शेजाऱ्यापर्यंतच जाते. एवढ्या तुकड्यांत वरची खबर खाली पोचाले शंभर फेऱ्या लागतात. सगळ्या मुलखाचं एक लहानसं ढोबळ गणित संग सोडवलं असतं तं सगळ्यांले एकदम कळलं असतं."

हे मी पुढे दोन वर्षांनी एका मोठ्या परिषदेत मांडलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. ते तिच्या तेव्हाच्या वहीतच होतं, असं सुजाता म्हणाली. "दाखवलं का नाहीस?" हे विचारायला मला जागाच नव्हती. माझ्या खोलीत ती पुन्हा बोलायला आलीच कुठे होती.

घाट उतरून

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदुऱ्याची बस धरली. राजूर घाट उतरताना खालचा सपाट मुलूख एकदम उघडतो. नांदुऱ्याला गाडी बदलायची होती. गर्दीत घाईनं उतरलो, जळगाव जामोदच्या बसमध्ये जागा धरली, आणि बस निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की नव्या नकाशाची गुंडाळी आधीच्या बसच्या फळीवर राहिली. पुण्यात खास मोठ्या कागदावर छापून घेतला होता. कंडक्टरनं दोन ठिकाणी फोन लावला, पण ती गाडी पुढे निघून गेली होती.

"नकाशाच पाह्यजे होता त्यायले, असं थोडी हाये," सुजाता म्हणाली. मला तेव्हा ते लागलं. विचार करता वाटलं, बरं झालं. कागद हातात असता तर मी त्याच्याआड उभी राहिले असते.

पूर्णेचा पूल ओलांडला. नदी बारीक होती. दोन्हीकडे काळी, भेगाळलेली, सपाट जमीन. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसायला लागली. आमच्या नकाशावर हे सगळं बोटभर अंतर होतं.

गाव

गावाचं नाव देत नाही. त्यांना माझ्यामुळे आधीच पुरे झालं आहे.

ज्यांच्या शेतात विहीर आहे ते विश्वनाथभाऊ आम्हाला घ्यायला फाट्यावर आले. साठीचे, सडसडीत, पांढरी टोपी. त्यांच्या ओसरीवर दोन माठ होते. एकाला पांढरा फडका बांधलेला. सूनबाईंनी त्यातलं पाणी घेऊन चहा टाकला. दुसऱ्या माठातल्या हापशाच्या पाण्यानं चहा केला तर दूध फाटतं, आणि वरण दिवसभर शिजवलं तरी डाळ डाळच राहते, असं त्या म्हणाल्या. पांढऱ्या फडक्याचं पाणी टँकरचं. चार दिवसांनी एकदा येणारं. आमच्या दोन कपांसाठी त्यांनी ते मोजून घेतलं नाही, हे मी पाहिलं.

मी बोलायला सुरुवात करणार तोच विश्वनाथभाऊंनी हात जोडले.

"मॅडम, तुमी एवढ्या दुरून आल्या. पण तुमचा नकाशा बरोबर होता. माह्याच हातानं गडबड झाली."

ऐकत गेले तसं कळलं. पाणी-योजनेचे लोक खुणेचा दगड लावून गेले, तो यांच्या लिंबांच्या बागेत. त्यांनी अकरा झाडं तोडून जागा गावाला दिली. अख्ख्या गावानं उन्हाळाभर श्रमदान करून विहीर खोदली. पाणी लागलं तेव्हा गुलाल उधळला, आणि पहिला घोट घेणाऱ्यानं तो थुंकला. मग कुणी तरी म्हणालं, नकाशा तर सरकारी, तो कसा चुकेल? यानंच रस्त्याजवळ सोयीचं म्हणून दगड सरकवला असेल. धाकटा भाऊ रामदास, ज्याच्या शेताची हद्द लागून आहे, तोही तेच म्हणाला. दोघांच्या घरांत एक भिंत आहे. चार वर्षांत बोलणं नाही.

"म्या सरकवला नाई," विश्वनाथभाऊ म्हणाले. "पण चार वर्स सगळे म्हणून राह्यले. आता मलेच वाटते, गवत काढताना दगड हालला का काय."

आम्ही विहिरीवर गेलो. सुजातानं फोनवर जागा तपासली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. यादीतलीच जागा. तशीही आमच्या नकाशावरची एक चौकट शंभर मीटरची होती. दहा पावलांनी काही बिघडणार नव्हतं. विहीर फार सुंदर बांधली आहे. चिऱ्याला चिरा लागलेला, गोल, पाणी स्वच्छ आणि भरपूर. पायऱ्यांवर गवत माजलं होतं. कुणाच्या पायवाटेची खूण नव्हती. मी बादली काढून ओंजळभर प्यायले. आधी खारट, मग जिभेच्या मुळाशी कडू.

"दगड हलला नव्हता, भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही काही केलं नाही. नकाशा चुकीचा होता आणि तो मी काढला होता."

त्यांनी बादली माझ्या हातातून घेऊन काठावर ठेवली. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हे अठी नका सांगू," ते शेवटी म्हणाले. "पंचायतीत सांगा. सगळ्यांपुढं."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तीसेक माणसं जमली. नकाशा नव्हताच. सुजातानं शाळेतून खडू मागवून फरशीवर आखायला घेतलं. मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पुण्यात ती शब्द चाचपून टाकायची.

"हे पाहा, मोठं गणित होतं. एका संगणकाले झेपत नोतं, म्हणून मुलखाचे तुकडे पाडले. हा तुकडा याले, हा त्याले. अठी शीव. हा म्हणे पाणी खाली जाते. तो म्हणे नाई जात. दोघायचा मेळ बसेपर्यंत गणित चालवाले पाह्यजे होतं. आपलं गाव बरोबर या शिवेवर हाये."

"मंग मेळ बसला का नाई?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

सुजाता थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण खडू खाली ठेवला.

"नाही बसला," मी म्हटलं. "हिनं मला ते दाखवलं होतं. अजून वेळ द्या म्हणाली होती. मी दिला नाही. दोघांच्या मधला आकडा घेतला आणि नकाशा पाठवला. विहिरीची जागा विश्वनाथभाऊंनी सरकवली नव्हती. दगड होता तिथेच होता."

"अजून एक डाव, मोठ्यानं," विश्वनाथभाऊ म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मागे भिंतीशी उभा असलेला एक माणूस टोपी काढून हातात घेऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो कुणाशी न बोलता निघून गेला. "रामदास," सूनबाई हळूच म्हणाल्या. विश्वनाथभाऊ तो वळणापर्यंत जाईस्तोवर त्याच्या पाठीकडे बघत होते.

मग सरपंच बोलल्या. चाळिशीच्या बाई, फोनवर "काऊन?" विचारणारा आवाज त्यांचाच. "शेजारच्या गावाले तुमच्या नकाशानं 'नाई' सांगतलं होतं. त्यायचं नाव नळयोजनेत बसलं. त्यायले घरोघर नळ आला. आमचं नाव यादीतून कटलं. काऊन तं म्हणे, तुमच्या गावात सोताचा उद्भव हाये, सोताची विहीर हाये."

हे मला माहीत नव्हतं. एका विहिरीचे कष्ट वाया गेले, एवढाच माझा हिशेब होता.

"मंग आता गोड पाणी कुठी हाये, ते तं सांगा," विश्वनाथभाऊ म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते याच प्रश्नासाठी जमले होते, हे मला तेव्हा उमगलं. पुण्याची बाई आली म्हणजे पुन्हा जागा दाखवणार. या वेळी शिवा जुळल्या होत्या. उत्तर पक्कं होतं.

"तुमच्या शिवारात नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

विश्वनाथभाऊंनी टोपी सारखी केली.

"एवढंच तवा सांगाचं होतं न, मॅडम," ते म्हणाले. "तुमी 'नाई' म्हणलं असतं तं त्यानंच काम झालं असतं."

निघताना त्यांच्या सूनबाईंनी भाकरी आणि मिरचीची भाजी बांधून दिली. मला ती बसमध्ये खाववली नाही. सुजातानं खाल्ली, आणि शेवटचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

परत

पुण्यात येऊन मी पाणी-योजनेच्या कचेरीला पत्र लिहिलं. नवा नकाशा जोडला. या गावात पिण्यालायक पाण्याचा उद्भव नाही, आधीचा निष्कर्ष रद्द समजावा, गावाचं नाव नळयोजनेत पुन्हा घ्यावं, असं लिहिलं. या नकाशावरचा जुना शोधनिबंध जिथे छापून आला तिथेही दुरुस्ती कळवली, आणि परिषदेत मी मांडलेली ढोबळ गणिताची कल्पना मुळात कुणाची होती तेही. हे करताना माझे दोन सहकारी म्हणाले, इतकं उघड लिहायची गरज नाही, अशा चुका सगळ्यांकडून होतात. त्यांचं म्हणणं मला दिवसभर पटत होतं.

पाठवण्याआधी पत्र सुजाताला वाचायला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, बाकी बरोबर हाये. पण दुसऱ्या परिच्छेदात तुमी लिहिलं, 'काही तांत्रिक कारणांमुळे आमच्याकडून चूक झाली.'"

"हो."

"तांत्रिक कारण नोतं. शीव जुळली नाही हे आपल्याले दिसलं होतं." पूर्वी ती इथवर आली की गप्प व्हायची. "आणि 'आमच्याकडून झाली' नका लिहू. गाववाल्यांपुढं तुमी असं नोतं म्हणलं. 'मी केली' लिहा."

फोन ठेवून मी ते वाक्य खोडलं. चष्मा पुसला. मग लिहिलं: आकडे जुळले नसल्याचं माझ्या विद्यार्थिनीनं मला वेळेत सांगितलं होतं, ते न ऐकता नकाशा पाठवण्याची चूक मी केली.